११ ओळींचा कोड गायब झाला आणि जगभरच्या डेव्हलपर्सची कामं अडकली. एका सॉफ्टवेअरचं दुसऱ्यावाचून का अडतं?

तारीख होती २२ मार्च २०१६. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचे अडीच वाजले होते, आपल्याकडे पहाटेचे तीन. आणि अचानक जगभरातल्या डेव्हलपर्सच्या स्क्रीनवर लाल अक्षरात एकच तक्रार दिसायला लागली. 'लेफ्ट-पॅड' नावाचं पॅकेज सापडत नाही.

गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅड हे नावच पहिल्यांदा ऐकलं होतं. आपण असं काही वापरतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

झालं असं होतं की, अझर कोचुलू नावाच्या एका डेव्हलपरनं एनपीएमवर 'किक' नावाचं पॅकेज टाकलं होतं. एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टच्या कोडचं मोठं कोठार. कुणीही आपला कोड तिथं ठेवायचा, कुणीही फुकटात न्यायचा. आता किक नावाचं एक मेसेंजर ॲपही होतं. त्या कंपनीला हे नाव हवं होतं. कोचुलूनं नकार दिला. एनपीएमनं नाव कंपनीला देऊन टाकलं. भाऊ चिडला आणि त्यानं आपली सगळीच पॅकेजेस, म्हणजे अडीचशेहून जास्त, कोठारातून काढून घेतली.

त्यात लेफ्ट-पॅड होतं. फक्त ११ ओळींचा कोड. काम काय, तर एखाद्या अक्षरमालेच्या डावीकडं मोकळ्या जागा किंवा शून्यं भरून ती ठरावीक लांबीची करायची. ७ द्या, ००७ घ्या. बस्स.

पण या ११ ओळींवर दुसरं एक पॅकेज उभं होतं, त्याच्यावर तिसरं, आणि असं चढत चढत प्रकरण बॅबेलपर्यंत गेलं होतं. बॅबेल त्या काळात जावास्क्रिप्टच्या असंख्य प्रोजेक्ट्समध्ये होतं. खालची वीट निघाली आणि वरचं सगळं अडकलं.

यात अजून एक बारकावा आहे आणि आपल्या विषयाचं मूळ त्यातच आहे. लेफ्ट-पॅड गायब झाल्यावर दहाच मिनिटांत दुसऱ्या एका डेव्हलपरनं तसंच काम करणारं पॅकेज त्याच नावानं टाकलं. प्रश्न मिटायला हवा होता. नाही मिटला. कारण त्यानं टाकलेल्या व्हर्जनचा नंबर होता १.०.० आणि साखळीतलं एक पॅकेज मागत होतं नेमकं ०.०.३. सामान तेच, दुकान तेच, पण डब्यावरचा आकडा वेगळा म्हणून मशीन घ्यायला तयार नाही. शेवटी एनपीएमनं स्वतःच मूळ ०.०.३ परत आणून ठेवलं, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. साधारण अडीच तास हा गोंधळ चालला.

मिसळीच्या दुकानात जाऊ

सॉफ्टवेअर म्हणजे कुणीतरी खोलीत बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेली गोष्ट, असा आपला समज असतो. तसं आता जवळपास कुणीच करत नाही.

कोल्हापुरातलं एखादं मिसळीचं दुकान डोळ्यासमोर आणा. मालकाची स्वतःची कला कट बनवण्यात. पाव बेकरीतून येतो. फरसाण दुसऱ्याकडून. मसाला एका मावशींकडून, त्या कांडप चालवतात. रोज पहाटे हे सगळं सामान एकत्र येतं, कट उकळतो आणि साडेसातला पहिली प्लेट बाहेर पडते.

सॉफ्टवेअरमध्ये या पहाटेच्या कामाला म्हणतात बिल्ड. स्वतःचा कोड, बाहेरून आणलेला कोड, सगळं एकत्र करून चालणारं ॲप तयार करायचं. बाहेरून आणलेल्या प्रत्येक गोष्टीला म्हणतात डिपेंडन्सी.

आणि मावशी मसाल्यासाठी मिरची तिसऱ्याकडून घेतात, धणे चौथ्याकडून. मिसळवाल्याला त्या मिरचीवाल्याचं नावही माहीत नसतं. पण मिरचीवाल्यानं माल पाठवला नाही, तर बंद पडणार मिसळ. लेफ्ट-पॅड हा असा मिरचीवाला होता. एखाद्या साध्याशा वेबसाइटच्या प्रोजेक्टमध्येही डेव्हलपरनं स्वतः मागितलेली पॅकेजेस वीस-पंचवीस असतात आणि त्यांच्या पोटातून आलेली शेकडो.

आता यात अडचण कधी येते? मावशी रोज तोच मसाला देत असतील तर काहीच नाही. पण मावशीही धंदा करतायत. त्यांनाही सुधारणा करायच्या आहेत. एक दिवस त्यांनी ब्याडगी कमी करून लवंगी मिरची वाढवली. त्यांच्या दृष्टीनं मसाला सुधारला. तिकडं मिसळवाल्यानं नेहमीसारखे चार चमचे टाकले आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांतून पाणी.

चूक कुणाची? मावशींनी सांगायला हवं होतं की मालकानं चाखून बघायला हवं होतं? सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये यावरून रोज वाद होतात. विश्वास नसेल तर हिंजवडीत किंवा खराडीत काम करणाऱ्या कुठल्याही मित्राला शुक्रवारी संध्याकाळी फोन करा आणि 'बिल्ड का तुटलं?' एवढंच विचारा.

आकड्यांमधलं वचन

यावर एक तोडगा म्हणजे मसाल्याच्या पुड्यावर नंबर लिहायचा. सॉफ्टवेअरमध्ये २.४.१ असे तीन ठिपकेवाले आकडे तुम्ही पाहिले असतील. त्यांना अर्थ असतो. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी त्याचे नियम नीट लिहून काढले. त्याला सिमेंटिक व्हर्जनिंग म्हणतात.

शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, बिनधास्त घ्या. मधला वाढला तर काहीतरी नवीन आलंय, पण जुनं जसंच्या तसं चालेल. पहिला वाढला तर सावधान, तुमची पाककृती बदलावी लागेल.

म्हणजे हे मावशींनी दिलेलं वचन झालं. बिल्ड करणाऱ्या टूलला त्यावर विसंबून सांगता येतं की पहिला आकडा २ असेपर्यंत जो नवीन मिळेल तो आण. ऐकायला किती छान वाटतं.

जानेवारी २०२२ मध्ये या वचनाचं काय होऊ शकतं ते दिसलं. 'कलर्स' नावाचं पॅकेज, स्क्रीनवरची अक्षरं रंगीत करण्याचं साधं काम करणारं. आठवड्याला दोन कोटींहून जास्त डाउनलोड. त्याच्या मूळ लेखकाची तक्रार होती की मोठ्या कंपन्या फुकटात वापरतात आणि देत काहीच नाहीत. त्यानं नवं व्हर्जन टाकलं, त्यात मुद्दाम कधीच न संपणारा लूप घातला. ॲप सुरू केलं की स्क्रीनवर 'लिबर्टी लिबर्टी लिबर्टी' आणि त्याखाली कचरा अक्षरांचा पाऊस. आकडा मात्र किरकोळ सुधारणेचा. ज्यांचं टूल 'नवीन ते आण' या हुकमावर चालत होतं, त्यांच्या घरात हा पाहुणा आपोआप शिरला. ॲमेझॉनच्या क्लाउडसाठी डेव्हलपर वापरतात त्या सीडीके नावाच्या टूललाही त्याचा फटका बसला.

हे मुद्दाम केलेलं होतं. पण न कळत होणारे प्रकार याहून कितीतरी जास्त असतात. इंजिनिअर हायरम राइट यांच्या नावानं एक नियमच प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, तुमचं सॉफ्टवेअर पुरेशा लोकांनी वापरायला सुरुवात केली की तुम्ही कागदावर काय वचन दिलंय याला अर्थ उरत नाही. त्याच्या प्रत्येक सवयीवर कुणी ना कुणी विसंबलेलं असतं. मावशींच्या पुड्याला बांधलेला दोराही कुणीतरी रोज घरी नेऊन गजरा ओवायला वापरत असतं. दोरा बंद केला की तिचं काम अडतं. मावशींना बिचाऱ्यांना पत्ताही नसतो.

मग खुंटीला बांधून टाकायचं का?

'नवीन ते आण' धोक्याचं असेल तर उलटं करू. चाखून बघितलेला, गिऱ्हाईकाला आवडलेला मसाला कुठल्या तारखेचा, कुठल्या घाण्यातला, हे वहीत लिहून ठेवायचं आणि नेहमी तोच मागायचा. सॉफ्टवेअरमध्ये या वहीला लॉक फाइल म्हणतात. थेट मागितलेल्या आणि त्यांच्या पोटातून आलेल्या सगळ्या पॅकेजेसचा नेमका नंबर त्यात लिहिलेला असतो. आज पुण्यात बिल्ड करा, सहा महिन्यांनी बोस्टनमध्ये करा, सामान तेच येणार.

हे चांगलंच आहे. बहुतेक टीम्स आज हेच करतात आणि तुम्ही शिकत असाल तर तुम्हीही करा. भानगड तेव्हा होते जेव्हा वहीत एकदा लिहिलेलं पान पुन्हा कुणी उलटत नाही.

७ मार्च २०१७ ला अपाचे स्ट्रट्स नावाच्या लायब्ररीतल्या एका गंभीर भोकाची दुरुस्ती जाहीर झाली. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली लोकांच्या कर्जफेडीची कुंडली ठेवणारी कंपनी. आपल्याकडं सिबिल आहे, तसा प्रकार. त्यांच्या एका वेब ॲपमध्ये हीच लायब्ररी होती. दुरुस्ती बाजारात आलेली, फुकट उपलब्ध, पण त्या ॲपमध्ये ती लावायची राहून गेली. मे महिन्यात हॅकर त्याच भोकातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत होते. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. त्यात नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी नंबरही होते. २०१९ मध्ये झालेल्या समझोत्यात कंपनीनं किमान ५७.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

इक्विफॅक्सनं काही जुनं धरून बसायचं असं ठरवलं नव्हतं. आपल्या कुठल्या ॲपमध्ये काय सामान आहे आणि ते किती जुनं झालंय, याचा पक्का हिशेब नव्हता, इतकंच. पण १४.७ कोटी लोकांना त्याची झळ बसली आणि त्यातल्या कुणालाही स्ट्रट्स म्हणजे काय हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शिवाय जुनं धरून बसण्याचा एक संथ त्रासही असतो. दोन वर्षं हात लावला नाही आणि मग एक दिवस व्हर्जन २ वरून थेट ५ वर जायची वेळ आली, की एकाच वेळी शंभर गोष्टी तुटतात. कुठली कशामुळं तुटली हेच कळत नाही. मॅनेजर विचारतो किती दिवस लागतील, डेव्हलपर म्हणतो दोन आठवडे, आणि दोघांनाही माहीत असतं की हा आकडा खोटा आहे.

दोन्ही घरांत बांधकाम चालू असेल तर?

आतापर्यंत आपण तयार मालाबद्दल बोललो. म्हणजे मावशींनी मसाला कांडला, पुडा बांधला, नंबर टाकला, मग विकला. खरी डोकेदुखी पुढं आहे.

समजा एकाच कंपनीत दोन टीम्स आहेत. एक पैसे भरण्याचा भाग बनवते, दुसरी तो भाग वापरून ॲप बनवते. दोन्हीकडं काम जोरात चालू. पेमेंटवाल्यांनी आज सकाळी केलेला बदल ॲपवाल्यांना आज संध्याकाळीच हवाय, कारण परवा रिलीज आहे. पुडा बांधून नंबर टाकण्याएवढा वेळ कुणाकडंच नाही.

जावाच्या दुनियेत यासाठी 'स्नॅपशॉट' नावाची सोय आहे. व्हर्जनच्या नावापुढं स्नॅपशॉट लिहिलं की त्याचा अर्थ, हे अजून शिजतंय, आत्ता पातेल्यात जे आहे ते घ्या. मॅवेन हे बिल्ड टूल सांगितलं नाही तर दिवसातून एकदा नवीन स्नॅपशॉट आलाय का बघतं. सोय चांगली, पण नाव तेच राहतं आणि आतला माल बदलतो. सकाळी चाललेलं बिल्ड संध्याकाळी तुटतं, आणि तुम्ही तर एका ओळीलाही हात लावलेला नसतो. काल नेमकं काय आलं होतं हेही शोधणं अवघड जातं.

दुसरा मार्ग म्हणजे आपल्या लॅपटॉपवर शेजारच्या टीमचा कोड थेट जोडून घ्यायचा. एनपीएममध्ये 'लिंक' आहे, गो भाषेत २०२२ पासून वर्कस्पेस आहे. एकट्यानं काम करताना हे फारच सोपं पडतं. फक्त जोडणी काढायची विसरलात तर तुमच्याकडं चालतं आणि बाकी कुणाकडंच चालत नाही. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हा आयटीतला सुप्रसिद्ध डायलॉग बऱ्याचदा इथूनच जन्माला येतो.

मग मोठे प्रोजेक्ट काय करतात? मला यात सगळ्यात आवडलेलं उदाहरण तुमच्या हातातल्या फोनमध्येच आहे.

क्रोम, व्हीएट आणि रोज थोडी सरकणारी खुंटी

क्रोम ब्राउझरच्या पोटात जावास्क्रिप्ट चालवणारं एक इंजिन आहे, त्याचं नाव व्हीएट. दोन्ही गुगलचेच, पण प्रोजेक्ट वेगळे, कोड वेगळ्या ठिकाणी, टीम्स वेगळ्या. दोन्हीकडं दिवसभर बदल चालू असतात.

क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमच्या ओपन सोर्स रूपाच्या कोडमध्ये 'डेप्स' नावाची एक फाइल आहे. त्यात लिहिलेलं असतं की आम्ही व्हीएटचा नेमका हा कमिट वापरतो. कमिट म्हणजे कोडमधल्या एका बदलाची नोंद, तिला स्वतःचा लांबलचक ओळख क्रमांक असतो. म्हणजे इथंही खुंटीला बांधलेलंच आहे. 'जे नवीन असेल ते' असा मामला नाही.

पण ही खुंटी सरकवायला एक रोबो ठेवलाय. तो सतत बघतो, व्हीएटमध्ये नवीन काही आलं का? आलं की डेप्स फाइलमधला क्रमांक बदलण्याचा प्रस्ताव तयार करतो. त्या नव्या क्रमांकानं अख्खा ब्राउझर बिल्ड होतो, टेस्ट चालतात. पास झालं तर बदल आत. नापास झालं तर जुनी खुंटी तिथंच राहते, क्रोमचं काम चालू राहतं आणि ड्युटीवरचा माणूस बघतो काय बिघडलं. मागच्या यशस्वी बदलापासून आत्तापर्यंत थोडेच कमिट आलेले असतात, त्यामुळं संशयित थोडेच आणि शोध लवकर संपतो. दोन वर्षांनी घ्यायची उडी इथं रोजच्या छोट्या पावलांत वाटली जाते.

आता यात तिसरं पात्र आणू. नोड.जेएस. २००९ मध्ये रायन डाल यांनी व्हीएट इंजिन ब्राउझरबाहेर काढून सर्व्हरवर चालवलं, ते हे नोड. नोड गुगलचं नाही. त्याचा स्वभावही उलटा. क्रोमचं नवं व्हर्जन २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी यायला लागलं, व्हीएट त्याच्याच तालावर नाचतं. नोडची दीर्घ मुदतीची व्हर्जन्स मात्र वर्षानुवर्षं सर्व्हरवर शांतपणे चालावीत, अशी वापरणाऱ्यांची अपेक्षा. एकाला धावायचंय, दुसऱ्याला स्थिर राहायचंय, आणि इंजिन एकच.

इथं व्हीएटच्या टीमनं केलेली गोष्ट मला फार समंजसपणाची वाटते. त्यांच्या टेस्ट यंत्रणेत नोडही बिल्ड केलं जातं. व्हीएटमध्ये बदल करणाऱ्या डेव्हलपरला लगेच कळतं की या बदलानं नोड तुटतंय. तसं झालं तर काय करायचं याचं एक वेगळं पान त्यांच्या माहितीपुस्तिकेत आहे. म्हणजे मावशी मसाला बदलायच्या आधी स्वतःच्या घरी चार चमचे टाकून मिसळ करून बघतायत. गिऱ्हाईकाच्या तोंडून तक्रार येण्याची वाट बघत नाहीत.

सगळ्यांचा स्वयंपाक एकाच चुलीवर

गुगलनं घरातल्या बहुतेक कोडसाठी याहून वेगळा मार्ग धरलाय. भिंतीच पाडून टाकल्या. २०१६ मध्ये त्यांच्या इंजिनिअर्सनी लिहिलेल्या एका लेखानुसार कंपनीचा बहुतांश कोड एकाच रिपॉझिटरीत होता. सुमारे २०० कोटी ओळी, ८६ टेराबाइट. याला मोनोरेपो म्हणतात.

संयुक्त कुटुंबासारखं आहे हे. मसाल्याचा डबा एकच. ज्यानं डब्यात बदल केला, त्यानंच त्यावर चालणाऱ्या सगळ्या भाज्या चाखून दुरुस्त करायच्या. 'तुझं जुनं व्हर्जन, माझं नवीन' हा वादच नाही.

पण संयुक्त कुटुंब चालवायला घर मोठं लागतं. गुगलला त्यासाठी स्वतःची वेगळी टूल्स बांधावी लागली. आणि दोन वेगवेगळ्या कंपन्या, किंवा जगभर पसरलेले स्वयंसेवक, एका घरात कसे राहणार? दहा जणांच्या स्टार्टअपनं गुगल करतंय म्हणून लगेच मोनोरेपोच्या मागं लागावं, असं मला वाटत नाही. काही छोट्या टीम्सना तो सोयीचा पडतो, पण तो त्यांचा त्यांनी हिशेब करून ठरवावा.

ज्यांना वेगळं राहूनच एकत्र काम करायचं होतं, त्यात ओपनस्टॅकचं नाव घ्यावं लागेल. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी सुरू केलेला क्लाउडचा प्रोजेक्ट. त्यात एक भाग सर्व्हर सांभाळणारा, एक नेटवर्क, एक साठवण, असे डझनावारी वेगळे प्रोजेक्ट, वेगळ्या कंपन्यांतली माणसं. त्यांनी 'झूल' नावाची यंत्रणा बनवली. नाव 'घोस्टबस्टर्स' सिनेमातल्या द्वारपालाचं.

झूलची खासियत अशी. समजा नेटवर्कवाल्यांचा एक बदल अजून मंजूर व्हायचाय आणि सर्व्हरवाल्यांचा बदल त्याच्यावर अवलंबून आहे. सर्व्हरवाला आपल्या बदलाच्या वर्णनात फक्त एक ओळ लिहितो, 'डिपेंड्स-ऑन' आणि पुढं त्या दुसऱ्या बदलाची लिंक. झूल दोन्ही बदल एकत्र करून बघतो, म्हणजे उद्या हे दोन्ही आत गेल्यावर काय होईल ते आजच तपासतो. आणि पहिला आत गेल्याशिवाय दुसऱ्याला दारातून सोडत नाही. फोनाफोनी नाही, 'तू आधी टाक मग मी टाकतो' नाही.

लिनक्समध्ये असंच काम २००८ पासून 'लिनक्स-नेक्स्ट' नावानं चालतं. लिनक्सच्या वेगवेगळ्या भागांवर काम करणाऱ्यांचे शेकडो वेगळे कोड-वृक्ष कामाच्या दिवशी रोज एकत्र करायचे, बिल्ड करून बघायचे, कुणाचं कुणाशी भांडण लागतंय ते ईमेलनं कळवायचं. ऑस्ट्रेलियातले स्टीफन रॉथवेल यांनी ही हमाली वर्षानुवर्षं केली. लिनसकडं कोड जाण्याआधीच भांडणं उघडी पडावीत, हा हेतू. रॉथवेल यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. मीही हा लेख लिहिताना पहिल्यांदाच वाचलं.

तरीही न सुटणाऱ्या दोन गाठी

पहिली गाठ, एकाच वेळी दोघांनी बदलायला हवं असेल तर? मावशींनी पाककृती बदलल्याशिवाय मालक बदलू शकत नाही, मालकानं बदलल्याशिवाय मावशी बदलू शकत नाहीत. यावरचा तोडगा चाळीत राहिलेल्या कुणालाही सुचेल. नवा नळ लावा, जुनाही चालू ठेवा. सगळी बिऱ्हाडं नव्या नळावर पाणी भरायला लागली की मग जुना काढा. कोडमध्येही हेच करतात. नवीन फंक्शन जोडायचं, जुनं काही काळ ठेवायचं, सगळे हलले की जुनं पुसायचं. तीन पायऱ्या लागतात, कंटाळा येतो, पण मध्ये कुणाचंच बिल्ड तुटत नाही. अडचण एकच, तिसरी पायरी लोक विसरतात आणि दहा वर्षांनीही जुना नळ टपटपत असतो.

दुसरी गाठ जास्त अवघड. तुमच्या दुकानात मिसळ आणि कटवडा, दोन्हीला त्याच मावशींचा मसाला लागतो. मिसळीच्या आचाऱ्याला नवा हवाय, कटवड्याच्या आचाऱ्याला जुनाच. आणि फडताळात डबा एकच ठेवता येतो. एनपीएम म्हणतं दोन्ही डबे ठेवा, म्हणूनच जावास्क्रिप्ट प्रोजेक्टचं फोल्डर एवढं फुगतं की त्यावर मीम्स निघतात. जावात सहसा एकच डबा मावतो. तिथं मॅवेन साखळीत जो सर्वांत जवळचा असेल त्याचं ऐकतं. दुसरा आचारी गप्प बसतो. कधी कधी तो थेट चालू ॲपमध्येच बोंब मारतो, गिऱ्हाईकासमोर.

हे इथून तिथून कुठल्याही टूलनं पूर्ण सुटत नाही. कुणीतरी उठून दुसऱ्या आचाऱ्याशी बोलावंच लागतं.

आणि त्या ११ ओळींचं पुढं काय झालं?

त्या प्रकरणानंतर एनपीएमनं नियम बदलला. चिडून सामान उचलून नेणं आता सोपं राहिलेलं नाही. पॅकेज टाकल्यापासून ७२ तास उलटले की, दुसरं कुणी त्यावर अवलंबून असेल तर ते काढता येत नाही.

जावास्क्रिप्ट भाषेनंही दखल घेतली. २०१७ च्या आवृत्तीत 'पॅडस्टार्ट' नावाची सोय भाषेतच आली. ७ चे ००७ करायला आता बाहेरून काहीही आणावं लागत नाही. लेफ्ट-पॅडच्या पानावर 'हे आता वापरू नका, पॅडस्टार्ट वापरा' अशी सूचना लागली.

त्यानंतरही त्याचे डाउनलोड काही थांबलेले नाहीत. कुठल्या तरी वहीत, कुठल्या तरी पानावर, त्याचं नाव अजून लिहिलेलं आहे.